भात्याचा कॅमेरा

आमच्या घरात वस्तू विकत घेतली जात नसे, आधी ती ठरवली जाई. आणि ठरवण्याचं काम इतकं सावकाश, इतकं चवीने चाले की पुष्कळदा ठरेपर्यंत गरजच संपून जाई. काकूला शिवणयंत्र हवं होतं तेव्हा ते हाताचं घ्यावं की पायाचं, यावर बाबा आणि काका दोन उन्हाळे बोलले. शेवटी काकूच्या माहेरच्यांना तिची दया आली आणि त्यांनी हाताचं यंत्र बैलगाडीत घालून पाठवून दिलं. ते ओसरीवर उतरवून घेताना बाबा म्हणाले, पायाचं बरं होतं.

आर्णीत जिनाकडे, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याकडे, जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर होतं. हंगामात कापसाच्या गाड्या पहाटेपासून दारावरून जायच्या. बैलांच्या घुंगरमाळा, गाडीवानांच्या शिव्या आणि जिनाचा भोंगा यांत आमची झोप संपायची. कापसाचे तंतू हवेतून येऊन दुधावर, वरणात, काकाच्या पेटीच्या पट्ट्यांवर बसायचे. आईने कितीही झाकलं तरी हिवाळाभर आम्ही थोडाथोडा कापूस खाल्ला असणार. वैद्यकीयदृष्ट्या त्याचा काही उपयोग असेल तर आम्हा बहिणींच्या तब्येतीचं रहस्य तेच. बाबांची शेती कापसाची आणि तुरीची. काका त्यांचा धाकटा भाऊ. तोही शेतीच करतो असं बाबा लोकांना सांगत. प्रत्यक्षात तो पेटी वाजवत असे, आणि कुणी शेताचं नाव काढलं की जरा मोठ्याने वाजवत असे. शिवाय आई, काकू, मॅट्रिकच्या वर्गातली माझी मोठी बहीण इंदूताई आणि आठवीतली मी. एवढी माणसं घरात, पण मत दोघांनाच होतं.

अशा घरात कॅमेरा आला, तो आमच्या पुराणिक सरांमुळे. सर विज्ञान शिकवत. त्यांनी शाळेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू केला, तेव्हा त्या वर्गात सगळं काही होतं, फक्त कॅमेरा नव्हता. सर फळ्यावर खडूने कॅमेरा काढत. भिंग, पडदा, रीळ, सगळं नीट नावांसकट. आम्ही तो वहीत उतरवून घेत असू. पुष्कळ महिने आम्ही या खडूच्या कॅमेऱ्यावर फोटो कसे काढावेत हे शिकलो आणि त्या काळात आमचा एकही फोटो बिघडला नाही. सरांचं म्हणणं, विद्यार्थ्यांनी गावातल्या पोरापोरींच्या खेळांचे फोटो काढावेत. देवळांचे आणि पुढाऱ्यांचे फोटो काढायला दुसरे लोक आहेत. पण त्यासाठी निदान एका घरी कॅमेरा यायला हवा होता. एका पालकसभेत ते म्हणाले, प्रत्येक सुजाण कुटुंबात एक कॅमेरा असावा. बाबांना छायाचित्रणात तिळमात्र रस नव्हता. पण त्याच सभेत सरकी-पेंडीचे व्यापारी बसले होते आणि त्यांचा मुलगाही आमच्या वर्गात होता. ते आपल्या आधी सुजाण होतील, ही कल्पना बाबांना सोसवली नाही. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की आपण कॅमेरा घेणार. म्हणजे ठरवणार.

लगेच तीन पक्ष पडले. बाबांचा पक्ष डबा कॅमेऱ्याचा. त्यात हलणारं काही नाही, म्हणून बिघडणारं काही नाही, आणि उद्या फोटो नाही निघाले तरी डबा म्हणून कामाला येईल. काकाचा पक्ष दर आठवड्याला बदलत असे. तिसरा पक्ष नागपूरच्या मामाचा. मामा नागपूरला एका कचेरीत कारकून होता. पण आर्णीच्या स्टँडवर एसटीतून उतरला की साहेब होई आणि परतीच्या गाडीत बसेपर्यंत साहेब राही. तो म्हणाला, थांबलेल्या फोटोचे दिवस गेले, आता हलता फोटो घ्यायचा. चावीचा सिनेमा कॅमेरा असतो, पोरींचा खेळ जसाच्या तसा धरून ठेवतो. नंतर तो कशावर पाहायचा, हे आईने विचारलं. त्याला मामाने उत्तर दिलं नाही, कारण आईला मत नव्हतं. आईची स्वतःची अट एकच होती, की काहीही आणा, त्याला झाकण असू द्या.

जवारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी खात या तीन पक्षांनी एक अख्खा हंगाम काढला. मला ते आठवलं की आजही गंमत वाटते. माझी नात परवा हॉटेलात जेवायला बसली आणि तिने एका डोशाचे इतके फोटो काढले की आमच्या घराण्याचे तीन पिढ्यांत तेवढे निघाले नसतील. डोसा गार झाला. आमच्याकडे निदान जेवण गरम असायचं, कॅमेऱ्याची खरेदीच थंड पडलेली होती.

अखेर बाबा, काका आणि मी एसटीने यवतमाळला गेलो. मला नेलं ते मत विचारायला नव्हे, कॅमेरा मांडीवर घेऊन बसायला. दुकानदाराने आधी दोन भिंगांचा उभा कॅमेरा काढला, ज्यात वरून वाकून पाहायचं असतं. बाबा वाकले. समोर काका उभा होता. बाबांनी दोनदा कॅमेऱ्यात पाहिलं, दोनदा काकाकडे पाहिलं. त्या काचेत उजवीकडची वस्तू डावीकडे दिसते, असं दुकानदार समजावू लागला. बाबांनी कॅमेरा त्याच्या हातात परत ठेवला.

"ज्याले डावं-उजवं समजत नाही, त्याचा भरवसा काय?" ते म्हणाले.

मग डबा आला. बाबांना तो पाहताक्षणी आवडला. तेव्हा मी तोंड उघडलं. सरांनी शिकवलं होतं तसं सांगितलं, की डब्याचा उजेड आत घेणारा पडदा फार सावकाश मिटतो, पळणारी पोरगी त्यात नुसती पांढरी रेघ येईल. खेळाचे फोटो हवे असतील तर पडदा भराभर मिटणारा कॅमेरा पाहिजे, ज्यावर वेगाचे आकडे असतात. दुकानदाराने मान डोलावली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू दुकानातलं स्टूल बोललं. माझा मुद्दा बिनतोड होता आणि त्याचा काहीही परिणाम झाला नाही. एवढ्यात काकाने कपाटातला घडीचा कॅमेरा उचलला आणि त्याची खिट्टी दाबली. झाकण पडलं आणि आतून काळा चुण्यांचा भाता सरसर बाहेर आला. काकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हरवलेला सोयरा अनोळखी गावात भेटावा तसा.

"दादा," तो म्हणाला, "ह्याले तं भाता हाय."

पेटी वाजवणाऱ्याला याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं? तो हटूनच बसला. बाबांचा डबा, मामाचा सिनेमा, माझं विज्ञान, सगळं बाजूला पडलं आणि आमचा कॅमेरा भाता आहे म्हणून निवडला गेला. त्यावर वेगाचे आकडे होते, हा निव्वळ योगायोग. मी तो परतीच्या वाटेवर मांडीवर घेऊन बसले आणि योगायोगाचे मनातल्या मनात आभार मानले.

घरी त्याचं स्वागत जावयासारखं झालं. आईने रोडगे भाजले, वांग्याची झणझणीत भाजी केली, आणि जेवणाआधी कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं. कुंकू नेमकं भिंगावर लागलं. ते मी धोतराच्या मऊ तुकड्याने पुसत बसले असताना मला कळलं की हा कॅमेरा केवळ विद्यार्थ्यांच्या ज्ञानासाठी आलेला नाही. जेवायला गुलाबरावजी होते. गुलाबरावजी हे आमच्या भागातले सोयरिकी जुळवणारे गृहस्थ. त्यांनी जुळवलेली जोडपी अजून एकमेकांशी बोलतात, असं ते स्वतःच सांगत. उमरखेडकडचं एक स्थळ त्यांनी इंदूताईसाठी आणलं होतं, मुलाकडची मंडळी मुलीचा फोटो मागत होती. स्टुडिओत जाऊन रंगवलेल्या राजवाड्यापुढे पोरीला उभं करण्यापेक्षा घरच्या घरी काढलेला बरा, असा बाबांचा हिशेब होता.

इंदूताई जेवण वाढत होती. तिने मान वर केली नाही. तिला काय हवं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तिने ते एकदाच, वरणभात कालवताना, स्पष्ट सांगितलं होतं. आमच्या शाळेत गेडामबाई नावाच्या खेळाच्या शिक्षिका आल्या होत्या. पांढरकवड्याकडच्या गोंड घरातल्या, उंच, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाची पोरगी दचकावी. त्यांनी मुलींचा खो-खोचा संघ बांधला आणि ताईला सांगितलं की अमरावतीला खेळाचं शिक्षण मिळतं, ते घे, तूही शिकवशील. ताईने घरी विचारलं. त्यावर बाबांनी वरण वाढायला सांगितलं. आमच्याकडे नाही म्हणायची हीच पद्धत होती.

दुसऱ्या दिवशी काकाने ताईला काकूचं हिरवं लुगडं नेसायला लावून अंगणात बसवलं आणि फोटो काढले. एका रिळात आठ फोटो निघत. सहा काकाने संपवले. प्रत्येक वेळी तो आधी भाता उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाही, मग श्वास रोखून खटका दाबी आणि खटक्याबरोबर स्वतःही हले. उरलेले दोन माझ्या वाट्याला आले, शाळेच्या कामासाठी.

पुढच्याच आठवड्यात आजूबाजूच्या शाळांचे खो-खोचे सामने आर्णीत झाले. गावाला खो-खोशी काही देणंघेणं नव्हतं. गावाला चिंता होती विजारीची. गेडामबाईंनी संघातल्या पोरींना पायघोळ विजारी शिवायला लावल्या होत्या. काकूच्या यंत्रावर त्या शिवल्या जात होत्या आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई दारात थांबून त्या हातात धरून पाहून जात होती. लुगड्यात पळणारी पोरगी अडखळून पडली तर ती संस्कारी आणि विजारीत न पडता पळाली तर ती बिघडली, असा एकूण निवाडा होता. बाबांनी परवानगी दिली ती अशी, की ताईने मैदानापर्यंत लुगड्यात जावं आणि आपण काही ते पाहायला येणार नाही, आपल्याला जिनावर काम आहे.

सामन्याच्या सकाळी मामा अवतरला. सोबत नागपूरच्या मित्राकडून मागून आणलेला चावीचा सिनेमा कॅमेरा. त्याची चावी पिळली की तो पिठाच्या चक्कीसारखा घरघरू लागे. त्या आवाजाने मैदानाभोवतीची माणसं सामना सोडून मामाकडे पाहू लागली. समोरच्या संघाच्या दोन पोरी तर पळता पळता कॅमेऱ्याकडे पाहून केस सारखे करताना बाद झाल्या, आणि त्यांच्या शिक्षकांनी तक्रार केली, की हा आर्णीवाल्यांचा डाव आहे. पंचांनी मामाला मैदानाबाहेर काढलं. मग तो बाभळीखाली उभा राहून, साहेबाला शोभेल अशा तऱ्हेने, जे समोर येईल ते धरू लागला. तो सिनेमा पुढे मुंबईहून धुऊन आला. दाखवायचं यंत्र मामाच्या मित्राकडेही नव्हतं. आम्ही ती फीत उन्हात धरून पाहिली: आभाळ, पंचांचे पाय आणि एक शेळी. त्या चित्रपटाचा खेळ आजवर झालेला नाही.

मी मात्र सरांनी सांगितलेलं केलं. सर म्हणाले होते, पळणाऱ्याच्या मागे कॅमेरा घेऊन धावू नकोस, एक जागा धर आणि त्याची वाट पाहा. मी पावलांनी अंतर मोजून मैदानापलीकडे जिनाचा रस्ता समोर येईल अशा बाजूला, एका खांबापासून थोडी दूर, मातीत बसले. आकडे लावले. माझा पहिला फोटो वाया गेला. पोरगी येण्याआधीच मी खटका दाबला आणि नुसता खांब मिळाला. मग बराच वेळ कुणी तिकडे फिरकेना. माझे पाय मुंग्यांनी भरले, घाम डोळ्यांत उतरला. आणि मग ताईला खो मिळाला. एक ठेंगणी, चपळ पोरगी तिच्यापुढे माझ्याच खांबाकडे येत होती. ती खांबाला वळसा घालून निसटणार, तेवढ्यात ताईने खांब एका हाताने धरला आणि सगळं अंग हवेत झोकून दिलं. मी खटका दाबला. ती पोरगी बाद झाली की नाही ते मी पाहिलंच नाही. मला एवढंच आठवतं, की मी रीळ शेवटपर्यंत गुंडाळत होते आणि म्हणत होते, खटक्याआधी कॅमेरा हललेला नको.

सामना आम्ही एका गड्याने हरलो. गावाने लगेच शोधून काढलं की विजारीमुळे.

रीळ यवतमाळला धुवायला गेलं आणि काकाच फोटो घेऊन आला. येताना तो एसटीच्या मागच्या बाकावर बसला म्हणे, म्हणजे कुणी पाहायला मागू नयेत. लुगड्यातल्या सहा फोटोंपैकी दोनांत ताईला डोकं नव्हतं, दोनांत ताई दोन होत्या, एकात काकाचं बोट होतं आणि उरलेल्यात आमची म्हैस अतिशय स्पष्ट आली होती. नंतर माझा रिकामा खांब. आणि शेवटी तो फोटो. ताई जमिनीला समांतर, एक हात खांबाला, दुसरा पुढे ताणलेला, वेणी हवेत, दात आवळलेले, विजारीभोवती धुळीचे लोट. भिंगावर कुंकवाचा डाग राहिला नव्हता. मी आनंदाने ओरडणार होते, पण आई तो डोळ्यांजवळ धरून बसली होती. तिने बोट ठेवलं. मैदानाच्या पलीकडे, रस्त्यावर, कापसाच्या भरल्या गाडीवर एक माणूस उभा होता. तोंड उघडं, एका हातात टोपी उंच फडकवलेली. जरा पुसट, पण ओळखू येण्याइतका. जिनावर काम होतं ते असं.

बाबांना तो फोटो दाखवला. त्यांनी पाहिला, खाली ठेवला आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. दोन दिवसांनी गुलाबरावजी फोटो न्यायला आले आणि घरात द्यायला तो एकच होता.

गुलाबरावजींनी चहा बशीत ओतला, फोटो उलटासुलटा केला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, पोरीचं तोंड नीट दिसून नाही राह्यलं, अन् हे असं आडवं काहून हाय? काकाने खो-खोचे नियम सांगायचा प्रयत्न केला, त्याला स्वतःलाच ते माहीत नव्हते. गुलाबरावजींचं बोट मग गाडीवर गेलं.

"अन् हा मागं कोण बोंबलून राह्यला?"

काका छताकडे पाहू लागला. तेवढ्यात सैपाकघराच्या दारातून आई बोलली. जिला मत नव्हतं ती.

"ते आमचेच हायेत."

गुलाबरावजी अनुभवी होते. त्यांनी हसून वेळ मारून नेली, आणि मग बाबांना समजुतीने सांगितलं, की यवतमाळला नेऊन लुगड्यातला एक साधा फोटो काढून आणा, ह्या धावण्या-पडण्याचं त्या लोकांपाशी बोलू नका, लग्न झालं की हे आपोआप बंद होतं. बाबांनी चहाचा रिकामा कप उचलून कडेला ठेवला. मला वाटलं, आता ठरवायला घेतील, आणि ठरवता ठरवता ताईचं लग्न होऊन जाईल.

"गुलाबरावजी," ते म्हणाले, "हाच न्या."

"हा पाहून ते नाही म्हणतीन."

"म्हणू द्या. पाहून नाही म्हणले तं बरं. न पाहता हो म्हणले, मंग पोरगी तिथं जाऊन काय करन?"

गुलाबरावजींनी फोटो दोन बोटांच्या चिमटीत धरून नेला. काकाने त्याची आणखी एक प्रत करून आणायला म्हणून पुन्हा यवतमाळ गाठलं. भात्याच्या कॅमेऱ्याची आता त्याच्यावर जबाबदारी होती. मुलाकडच्यांचा निरोप आला की मुलगी पसंत आहे, खेळ मात्र बंद करावा लागेल. बाबांनी नकार कळवला. कारण विचारणाऱ्यांना ते सांगत, की त्या लोकांच्या विहिरीला पाणी कमी आहे. कुणी फारच खोदून विचारलं तर विहिरीची खोलीही सांगत. मग एक दिवस ताटावर बसल्या बसल्या त्यांनी ताईला विचारलं, अमरावतीले कधी जाचं असते? ना पक्ष पडले, ना चर्चा झाली. आमच्या घरात न ठरवता झालेली माझ्या आठवणीतली ती पहिली गोष्ट.

ताई गेली, शिकली, आणि पुढे जन्मभर तिने त्याच उमरखेडला पोरींना खो-खो शिकवला. लग्नही केलं, स्वतः पाहून, जरा उशिरा. तिच्या विद्यार्थिनी आता आज्या झाल्यात आणि अजून तिच्या आवाजाला घाबरतात. पण मला सांगायचंय ते ती अमरावतीच्या गाडीत बसली त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळची वेळ होती. बाबा ओसरीवर बसले होते आणि काकाने आणलेली ती दुसरी प्रत त्यांच्या हातात होती. मला पाहून त्यांनी ती लपवली नाही, याचंच मला नवल वाटलं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि गाडीवरच्या त्या पुसट माणसावर अंगठा ठेवला.

"एक सांग," ते म्हणाले. "मी तं पार रस्त्यावर होतो. इतक्या दूरचा माणूसबी येते त्याच्यात?"

मी म्हटलं, येतो बाबा, उजेड असला की येतो.

त्यांनी फोटो उन्हात धरला, पुन्हा एकदा नीट पाहिला.

"मंग आधी सांगाचं होतं," ते म्हणाले. "टोपी तरी डोक्यावर ठेवली असती."